संगणक आणि मशीन लर्निंग शिकायला कोणता ओपन सोर्स प्रकल्प घ्यावा? बडोद्याच्या विद्यार्थ्यांसाठी निवडीची रीत

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर रविवारी सकाळी काही मुलं-मुली लॅपटॉप घेऊन बसतात. कुणी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत आहे, कुणी पॉलिटेक्निकला, एकदोघी अकरावी-बारावीच्या. घरात मराठी, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुरुवात कुठल्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पापासून करू? गिटहबवर, म्हणजे असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या साइटवर, शोधलं की ढीगभर नावं येतात आणि ज्याला सगळ्यात जास्त स्टार, त्यावर बोट ठेवलं जातं.

स्टार म्हणजे लोकप्रियता. शिकण्यासाठी ती फारशी कामाची नाही. माझ्या मते शिकाऊ माणसानं तोच प्रकल्प घ्यावा, जो स्वतःच्या मशीनवर चालतो, ज्याचा कोड नेटानं बसलं तर वाचून संपतो, आणि ज्यातली एक ओळ बदलली की काय बिघडलं ते लगेच दिसतं. या कसोटीवर बरीच मोठी नावं मागे पडतात आणि दीडशे ओळींचा एखादा प्रकल्प पुढे येतो. पुढची सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे.

आधी स्वतःचा प्रश्न ठरवा

‘मला एआय शिकायचंय’ हा प्रश्न फार मोघम आहे. त्याच्या पोटात तीन वेगवेगळी कुतूहलं असतात. संगणक आतून कसा चालतो, हे एक. हाती असलेल्या आकड्यांतून अंदाज कसा बांधायचा, हे दुसरं. आणि न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून आतले आकडे बदलत जाणारं गणिती जाळं) शिकतं म्हणजे नेमकं काय करतं, हे तिसरं. तिन्हींची साधनं वेगळी आहेत. एका वेळी एकच प्रश्न घ्या, कागदावर लिहा आणि त्यावरूनच प्रकल्प निवडा.

प्रकल्प उघडल्यावर काय तपासायचं

सगळ्यात आधी परवाना, म्हणजे लायसन्सची फाइल. एमआयटी, बीएसडी आणि अपाची 2.0 हे सैल परवाने आहेत: कोड वापरा, बदला, विका, मात्र मूळ नाव आणि सूचना कायम ठेवा. जीपीएलमध्ये तुम्ही बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात तर त्याचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. परवान्याची फाइलच नसेल, तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी त्याचे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. मुलांच्या ध्यानात ही गोष्ट हमखास राहत नाही.

मराठीवर काम करणाऱ्यांनी तर इथे जास्तच लक्ष द्यावं. पुण्याच्या एल3क्यूब गटानं मराठीसाठी फार मोलाचं काम केलंय. महासेंट हा त्यांचा सुमारे 16,000 मराठी ट्विट्सचा संच आहे आणि प्रत्येक ट्विटवर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण आहे. पण त्याचा परवाना अव्यावसायिक वापरापुरता आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टला बिनधास्त वापरा. उद्या त्यावर धंदा उभा करायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागेल. तसंच ‘ओपन’ म्हणून गाजलेल्या बऱ्याच मोठ्या मॉडेलांची फक्त वेट्स (शिकून तयार झालेले आतले आकडे) खुली असतात. ती कशी आणि कुठल्या डेटावर घडवली ते बंदच राहतं. ओपन सोर्स इनिशिएटिव्हनं ऑक्टोबर 2024 मध्ये ओपन सोर्स एआयची व्याख्या जाहीर केली ती या गोंधळामुळेच.

परवान्यानंतर तीन गोष्टी पटापट बघा. शेवटचा बदल कधी झालाय? जुना असला तर बिघडत नाही. लहान, पूर्ण झालेला प्रकल्प वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. चालवायला आणखी किती पॅकेजेस लागतात? आणि सोबत सराव आणि तपासणीचे टेस्ट आहेत का? टेस्ट असणं ही शिकणाऱ्यासाठी मोठी सोय आहे, कारण आपलं उत्तर बरोबर आहे का हे रात्री अकरा वाजता विचारायला शिक्षक जवळ नसतो.

संगणक आतून समजून घ्यायचा असेल तर

शाळेतल्या मुलांसाठी स्क्रॅच. एमआयटी मीडिया लॅबमधून 2007 मध्ये आलेला, ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचा प्रकल्प. सहावी-सातवीपर्यंत याहून चांगलं काही मला माहीत नाही. त्याच वळणाचा बर्कलीचा स्नॅप जरा पुढचा आहे. त्यात नवे ठोकळे बनवून ते दुसऱ्या ठोकळ्यांना पुरवता येतात, म्हणून नववी-दहावीला तो बसतो.

कॉलेजच्या मुलांसाठी खरी तुलना आहे नँड टू टेट्रिस आणि एक्सव्ही6 यांची.

नँड टू टेट्रिस हा नोआम निसान आणि शिमॉन शोकेन यांचा अभ्यासक्रम. सुरुवातीला हातात फक्त नँड गेट, म्हणजे दोन बिटं घेऊन एक देणारं साधं सर्किट, दिलं जातं. त्यातून पहिल्या भागात नॉट, अँड, ऑर, झॉर, मक्स अशी 15 गेट्स स्वतः बनवायची, मग एएलयू (हिशेब करणारा भाग), मेमरी, सीपीयू, असेंब्लर, व्हर्च्युअल मशीन, कम्पायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) आणि शेवटी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, असे एकूण 12 टप्पे. तयार होणारा संगणक 16 बिटांचा असतो, नाव हॅक. सोल्डरिंग नाही, वायर नाही. सगळं सिम्युलेटरमध्ये, आणि तो आता ब्राउझरमध्येही चालतो. प्रत्येक टप्प्याबरोबर टेस्टची फाइल येते आणि तुमचं गेट कुठल्या ओळीवर चुकलं ते दाखवते. 4 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही तो आरामात चालतो.

एक्सव्ही6 हे एमआयटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमासाठी 2006 मध्ये लिहिलेलं, युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या वळणाचं छोटं पण खरंखुरं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आहे. सी भाषेत, 10,000 ओळींच्या आत. लिनक्सचं कर्नल कोट्यवधी ओळींचं आहे, त्यापुढे हे वाचून होण्यासारखं आहे. आता ते रिस्क-व्ही प्रोसेसरसाठी आहे आणि क्यूईएमयू नावाच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतं. उबंटूत क्यूईएमयू आणि रिस्क-व्हीचा कम्पायलर ॲप्ट या पॅकेज बसवायच्या साधनातूनच मिळतो. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बसवून त्यात उबंटू घ्यावं.

पहिल्या दिवशी करायचं काम सांगतो. ‘मेक क्यूईएमयू’ ही आज्ञा द्या. थोड्या वेळात एक्सव्ही6 चा शेल, म्हणजे आज्ञा लिहायची जागा, उघडेल. मग युजर फोल्डरमध्ये ‘स्लीप’ नावाचा प्रोग्रॅम लिहा: दिलेल्या टिकांइतका (टिक म्हणजे कर्नलच्या घड्याळाचा एक ठोका) वेळ थांबायचं आणि बाहेर पडायचं, बस. आकडा द्यायला कुणी विसरलं तर तसा संदेश दाखवा. मेकफाइलमधल्या युजर प्रोग्रॅमच्या यादीत त्याचं नाव घाला आणि पुन्हा चालवा. बाहेर पडायला कंट्रोल आणि ए एकत्र दाबा, सोडा, मग एक्स. हे आधी सांगितलं नाही तर मुलं खिडकीच बंद करतात. आता या प्रोग्रॅमची विनंती कर्नलपर्यंत कशी पोचते, तो माग फाइलमागून फाइल काढत जा. या विनंतीलाच सिस्टिम कॉल म्हणतात; तो म्हणजे काय हे मी फळ्यावर कितीही सांगितलं, तरी हा माग काढल्यावर जे समजतं ते वेगळंच.

दोन्हींत आधी काय? सी नीट येत नसेल, पॉइंटर बघून घाम फुटत असेल, तर नँड टू टेट्रिस. सी येत असेल आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर समोर असेल, तर सरळ एक्सव्ही6. दोन्ही एकदम घेऊ नका.

आकड्यांतून अंदाज बांधायचा असेल तर

इथे वेका, ऑरेंज आणि सायकिट-लर्न ही तीन नावं येतात. वेका न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचं, जावामध्ये लिहिलेलं. कॉलेजच्या डेटा मायनिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये ते अजून भेटतं. प्रॅक्टिकलपुरतं शिका, पुढे जा.

ऑरेंज मला मनापासून आवडतं. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठाचा हा प्रकल्प, परवाना जीपीएल. पडद्यावर विजेट ठेवायची आणि रेघांनी जोडायची: फाइल, डिसिजन ट्री, टेस्ट अँड स्कोअर आणि कन्फ्युजन मॅट्रिक्स, म्हणजे मॉडेलनं काय बरोबर आणि काय चूक सांगितलं त्याचा तक्ता. खरी गंमत मॅट्रिक्सच्या पुढे आहे. त्यातल्या चुकीच्या घरावर क्लिक करा, पुढे डेटा टेबल जोडा, आणि मॉडेलनं ज्या ओळी चुकवल्या नेमक्या त्याच समोर येतात. आपलं मॉडेल कोणाच्या बाबतीत चुकतंय हे बघायची सवय इथे लागते, आणि कोड येत नसलेल्या कॉमर्सच्या विद्यार्थ्यालाही ती लागू शकते.

पायथन येत असेल तर सायकिट-लर्न. 2007 मध्ये गूगल समर ऑफ कोडमधून सुरू झालेला हा प्रकल्प, परवाना बीएसडी. पद्धत कुठलीही असो, ‘फिट’ करायचं आणि ‘प्रेडिक्ट’ करायचं ही रीत सगळीकडे एकच, म्हणून एक शिकलं की बाकीची हाताशी येतात. शिवाय त्याची कागदपत्रं हेच एक पाठ्यपुस्तक आहे. मात्र त्याचा आतला कोड वाचून शिकायला जाऊ नका. वेगासाठी त्यातला बराच भाग सायथन या पायथनहून वेगवान भाषेत लिहिलाय. हे वापरायला शिकायचं साधन आहे.

सरावासाठी फुलांच्या 150 नोंदींचा आयरिस संच सगळेच वापरतात. त्यापेक्षा आपल्या गावाचा प्रश्न घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते कुणी विसरलेलं नाही. पावसाळ्यात आजवा जलाशयाची पातळी, विश्वामित्रीची पातळी आणि पाऊस यांचे आकडे वर्तमानपत्रांत येत असतात. ते एका शीटमध्ये रोज नोंदवा, आणि आजचे आकडे बघून उद्याची नदीची पातळी सांगणारं साधं लिनियर रिग्रेशन (सरळ रेषेचं सूत्र बसवून अंदाज) करा.

इथे एक खड्डा आहे आणि तो नीट बघण्यासारखा आहे. सायकिट-लर्नचं ‘ट्रेन टेस्ट स्प्लिट’ मुळात ओळी पिसून मग वाटतं, आणि चौथा हिस्सा परीक्षेसाठी ठेवतं. नदीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की 12 आणि 14 तारीख मॉडेलला शिकवलेली असते आणि 13 तारीख परीक्षेत विचारली जाते. आजूबाजूचे दिवस माहीत असल्यावर मधला कोणीही सांगेल. मार्क भरघोस पडतात, पण खऱ्या पावसाळ्यात ते टिकत नाहीत. म्हणून पिसणं बंद करा, आधीचे दिवस शिकवायला आणि नंतरचे परीक्षेला ठेवा. त्यासाठी ‘टाइम सिरीज स्प्लिट’ तयार आहे. मग ‘उद्याची पातळी आजच्याइतकीच राहील’ या बाळबोध अंदाजाशी तुलना करा. त्याला हरवता आलं नाही, तर मॉडेलनं अजून काहीच शिकलेलं नाही. आणि हा सराव आहे; घर सोडायचं की नाही हे महापालिकेच्या सूचनेवरच ठरवायचं.

न्यूरल नेटवर्क समजून घ्यायचं असेल तर

पायटॉर्च ही न्यूरल नेटवर्क बनवायची पायथनमधली लायब्ररी. पॉलिटेक्निकच्या एका मुलानं विचारलं, “काका, सरळ पायटॉर्चच शिकू ना? नोकरीत तेच विचारतात.” मी म्हटलं, “शीक की, पण आधी मायक्रोग्रॅड वाच. जास्त वेळ जाणार नाही.”

एआय संशोधक आंद्रे करपथी यांनी 2020 मध्ये टाकलेलं मायक्रोग्रॅड म्हणजे साधारण 100 ओळींचं ग्रेडियंट (एक आकडा किंचित बदलला तर उत्तर किती बदलतं ते मोजमाप) काढणारं इंजिन आणि त्यावर 50 ओळींची न्यूरल नेटवर्कची लायब्ररी. ते एकेका संख्येवर काम करतं, त्यामुळे हळू आहे आणि म्हणूनच दिसतं. प्रत्येक संख्या ‘व्हॅल्यू’ नावाच्या वस्तूत ठेवलेली असते आणि ती कुणापासून झाली हे ती लक्षात ठेवते. शेवटच्या उत्तरापासून उलटं चालत येऊन प्रत्येकीचा उत्तरात किती वाटा आहे ते मोजायचं, याचं नाव बॅकप्रोपगेशन.

आता एक ओळ बिघडवून बघा. बेरजेच्या उलट्या वाटेत ग्रेडियंट ‘अधिक-बरोबर’ या खुणेनं साठवलेला आहे. तिथे नुसतं ‘बरोबर’ करा. मग ए अधिक ए म्हणजे बी, एवढंच गणित करून ए चा ग्रेडियंट विचारा. शाळेतल्या कॅल्क्युलसनं उत्तर 2 यायला हवं, येईल 1. एकच ए दोन वाटांनी उत्तरापर्यंत पोचतो, आणि दुसऱ्या वाटेनं आलेल्या मोजमापानं पहिलं पुसलं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पायटॉर्चमध्ये प्रत्येक फेरीला ‘झीरो ग्रॅड’ का लिहावं लागतं हे पाठ करावं लागत नाही: ग्रेडियंट साठत जातात, म्हणून दर फेरीला ते आपण पुसायचे.

यानंतर पायटॉर्च. फेसबुकच्या संशोधकांकडून आलेला हा प्रकल्प 2022 पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. टेन्सरफ्लो हा त्याच कामाचा, 2015 चा, गूगलचा प्रकल्प. कॉलेजनं नेमला असेल तर करा, स्वतःहून निवडत असाल तर पायटॉर्च घ्या, कारण त्यातला कोड साध्या पायथनसारखा ओळीओळीनं थांबवून तपासता येतो. टेन्सरफ्लोबरोबर शिकवल्या जाणाऱ्या केरास या लायब्ररीची तिसरी आवृत्ती आता पायटॉर्चवरही चालते, त्यामुळे तो वाद तसाही निवळलाय.

फास्ट एआय या मोफत अभ्यासक्रमाची रीत उलटी आहे. पहिल्याच धड्यात चित्रं ओळखणारं मॉडेल हातात देतात आणि मग थराथरानं खाली नेतात. गणित बघून पाय मागे घेणाऱ्यांना हे मानवतं. जीपीयू (एकाच वेळी बरीच गणितं करणारी चिप) मात्र लागतो, म्हणजे तो ऑनलाइन वापरू देणाऱ्या कोलॅब किंवा कॅगलवर जावं लागतं. टायनीग्रॅड हा मायक्रोग्रॅडच्या वळणाचा प्रकल्प पूर्वी 1,000 ओळींच्या आत होता. आता बराच वाढलाय, तेव्हा नावावर जाऊ नका.

चॅटजीपीटीसारखं मॉडेल आतून कसं असतं हे बघायला करपथी यांचंच नॅनोजीपीटी घ्या. मुख्य फाइली दोनच, प्रत्येकी सुमारे 300 ओळींच्या. त्यांचं पुढचं नॅनोचॅट 2025 मध्ये आलं. ते टोकनायझरपासून (मजकुराचे तुकडे पाडणारा भाग) गप्पांच्या खिडकीपर्यंत सगळं करतं, पण पूर्ण चालवायला आठ बड्या जीपीयूंचं मशीन भाड्यानं घ्यावं लागतं. वाचायला नॅनोचॅट, चालवायला नॅनोजीपीटी. छोटं मॉडेल ठेवलं तर ते साध्या सीपीयूवर काही मिनिटांत शिकून होतं.

मराठी घालून बघा

नॅनोजीपीटीच्या अक्षरवार उदाहरणात इंग्रजी नाटकांचा सुमारे 1 एमबी मजकूर असतो. त्याजागी मराठी विकिस्रोतावरचा हक्कमुक्त मजकूर घाला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइट घेतं, तेव्हा 1 एमबी मराठीत इंग्रजीच्या साधारण एक तृतीयांश चिन्हंच मावतात. फाइल तिप्पट मोठी घ्या. ‘वडोदरा’ची लांबी पायथन 6 सांगेल, कारण काना आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘क्ष’ची लांबी 3 येईल: क, हलन्त आणि ष.

मॉडेल नवखं असताना नमुना काढा. मात्रा कुठेही येऊन पडतील, आणि ज्या मात्रेला व्यंजन नाही तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसेल. थोड्या फेऱ्यांनी ती वर्तुळं कमी होतात: मात्रा व्यंजनानंतर येते हा नियम कुणी सांगितलेला नसतो. शब्द अजून निरर्थकच असतात, पण मराठीचा तोंडवळा आलेला असतो.

चित्रांसाठी शिकवायला 60,000 आणि परीक्षेला 10,000 हस्तलिखित अंकांचा एमनिस्ट संच सगळीकडे वापरतात. त्याऐवजी नेपाळच्या संशोधकांनी 2015 मध्ये केलेला देवनागरी हस्ताक्षरांचा संच घ्या: 46 वर्ग, 92,000 चित्रं, प्रत्येक 32 गुणिले 32. व्यंजनं 36 आणि अंक 10. नेपाळीत नाही म्हणून त्यात ‘ळ’ नाही. मॉडेलला 98 टक्के मिळोत, ‘शाळा’ आणि ‘फळ’ त्याला वाचता येणार नाही. ‘ळ’ दाखवला तर ते 46 पैकीच कुठलं तरी नाव ठोकून देईल. कुठलं आणि किती खात्रीनं, ते आवर्जून बघा. मग घरातल्या सगळ्यांकडून कागदावर ‘ळ’ लिहून घ्या, फोटो काढा, 32 गुणिले 32 करा आणि 47वा वर्ग जोडा. आजी-आजोबांचा ‘ळ’ आणि नातवंडांचा ‘ळ’ वेगळा असतो, तेव्हा दोन्ही घ्या.

इंग्रजी आड येत असेल तर

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, पायथन, लिबरऑफिस यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यातले बरेच मराठी आणि गुजराती आवाजात ऐकता येतात. धडा ऐकत शेजारच्या खिडकीत तेच करत जायचं, अशीच त्यांची बांधणी आहे. मायक्रोसॉफ्टचा नवशिक्यांसाठीचा मशीन लर्निंगचा अभ्यासक्रम 12 आठवडे आणि 26 धड्यांचा, परवाना एमआयटी. त्याचं यंत्रानं केलेलं मराठी भाषांतरही मिळतं. भाषांतर अडखळतं, म्हणून इंग्रजी पान बाजूला उघडं ठेवा आणि मराठीचा आधारापुरता उपयोग करा.

मशीन आणि इंटरनेट

8 जीबी रॅम असलेला जुना लॅपटॉप वरच्या बहुतेक कामांना पुरतो. पायटॉर्च बसवताना त्यांच्या पानावर सीपीयूची आवृत्ती निवडा. नाहीतर जीपीयूच्या लायब्रऱ्यांसकट कित्येक जीबी उतरतात. कोलॅबवर काम करत असाल तर फाइली ड्राइव्हवर ठेवा, कारण सत्र संपलं की तिथलं सगळं पुसलं जातं.

सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानात पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ग्रंथालयातून गावोगाव जायच्या. आमच्याकडे पेन ड्राइव्ह तसा फिरतो. गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनातला क्लोन म्हणजे प्रकल्पाची इतिहासासकट पूर्ण प्रत. एकानं उतरवायची आणि बाकीच्यांनी पेन ड्राइव्हवरूनच क्लोन करायची. इंटरनेट लागत नाही.

परत देणं

कुठलाही प्रकल्प महिनाभर वापरला की त्याच्या कागदपत्रांतली तुटलेली लिंक किंवा अडलेली पायरी दिसतेच. ती दुरुस्त करून पाठवा. गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल असलेली कामं नवख्यांसाठीच ठेवलेली असतात. मात्र आधी प्रकल्पाचे योगदानाचे नियम वाचा आणि तेच काम दुसऱ्या कुणी घेतलंय का ते बघा.

कोड लिहिता येत नसेल तरी मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे, आणि तिथला आवाजाचा संच सीसी0 परवान्याखाली सगळ्यांना मोकळा आहे. पडद्यावर आलेलं वाक्य वाचायचं, नाहीतर दुसऱ्यानं वाचलेलं ऐकून बरोबर-चूक सांगायचं. पंखा बंद करून, हेडफोनच्या माइकमध्ये, आपण घरी बोलतो त्याच हेलात वाचा. गुजरातीच्या शेजारात मुरलेली आपली मराठी त्या संचात आली, तरच उद्याच्या यंत्राला रावपुऱ्यातल्या मावशींचं बोलणं कळेल.